सौंदड ते केशोरी, कासऱ्यावर

पहाटे साडेपाचला आम्ही नागपूर सोडलं, तेही हॉर्न वाजवत. नवी गाडी शेजाऱ्यांच्या नजरेला पडावी एवढाच हेतू. नवी म्हणजे आम्हाला नवी. घेऊन अकरा दिवस झाले होते. "डॉक्टरसाहेबांची आहे, घर ते दवाखाना एवढीच फिरली," असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि मी डोळे झाकून विश्वास ठेवला. "कसले डॉक्टर, ते विचारलंत का?" एवढंच माझी बायको सुनंदा म्हणाली होती.

जायचं होतं गोंदिया जिल्ह्याच्या पार टोकाला, केशोरीला. धाकटी बहीण वंदू, तिच्या मुलीचं लग्न. मुहूर्त साडेदहाचा, हे वंदूनं फोनवर तीनदा बजावलं होतं. त्याला कारण होतं. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात "मामानं नवरीला घेऊन यावं" असा पुकारा झाला, तेव्हा मामा साकोलीत तर्री-पोह्यांची दुसरी प्लेट संपवत होता. नवरीला शेजारच्या पोस्टमननं आणलं. वंदू वर्षभर माझ्याशी बोलली नाही, आणि अल्बममध्ये अजून तो पोस्टमनच उभा आहे. आता ही शेवटची भाची. या खेपेला चुकलो तर बहीण गमावली, अशी मला खरोखर भीती होती.

म्हणून साकोलीत मी पोह्यांचा नुसता वास घेतला आणि पुढे निघालो.

सौंदडला रेल्वेचं फाटक लागलेलं. मालगाडी सावकाश गेली, फाटक उघडलं, मी क्लच दाबला, आणि पेडल जे खाली गेलं ते वर यायचं नाव घेईना. इंजिन बंद पडलं. मागून ट्रॅक्टरवाला खाली उतरला.

"काऊन थांबले भाऊ? फाटक तं खुललं."

"क्लच गेला हो."

त्यानं आणखी तिघांना बोलावलं, गाडी ढकलत कडुलिंबाखाली नेली आणि पलीकडून श्रावणभाऊंना आणलं. श्रावणभाऊ पंप आणि धानाचे थ्रेशर दुरुस्त करतात. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"कोनाची होती गाडी?"

"डॉक्टरांची."

"म्हनूनच. पट्टी बांधून देल्ली तुमाले."

क्लचची केबल आधीच कधीतरी तुटलेली होती. तारेनं जोडून वरून चिकटपट्टी गुंडाळली होती. आता ती तारही तुटली होती.

"नवी मिळेल का?"

"साकोलीले भेटंल. दुकान अकराले खुलते."

"मला साडेदहाला केशोरीत लग्नाला उभं राहायचंय," मी जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणालो. "नवरीचा मामा आहे मी."

हे ऐकताच सगळ्यांचे चेहरे बदलले. मघापर्यंत मी गाडी बंद पडलेला एक शहरी इसम होतो, आता मामा झालो. "मंग तं पोचाच लागते," ट्रॅक्टरवाला गंभीरपणे म्हणाला.

श्रावणभाऊ घरी गेले आणि बैलाचा कासरा सोडून घेऊन आले. त्याचं एक टोक त्यांनी केबलच्या जागी, क्लचच्या दांड्याला पक्कं बांधलं. दुसरं टोक बॉनेटच्या फटीतून काढून डावीकडच्या खिडकीतून आत सुनंदाच्या हातात दिलं.

"बाई, कधी बैल हाकलले का?"

"तीस वर्षं हाकतेय," माझ्याकडे बघत सुनंदा म्हणाली.

"मंग सोपं हाये. भाऊ 'वढा' म्हनले का वढा, 'सोडा' म्हनले का हळूच सोडा. झटका देल्ला तं बैलही रुसते. आन् उद्या कासरा वापस आना, माहा बैल मोकळा राहिला."

पहिले दोनशे मीटर आम्ही बेडकासारखे गेलो. पुढे जमलं. मी "ओढ" म्हणायचो, सुनंदा दोन्ही पाय डॅशबोर्डाला टेकवून कासरा ओढायची, मी गिअर टाकायचो. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) आणि त्यांत धानाचे पुंजणे (कापलेल्या धानाच्या गंजी) उभे होते. थंडीचं कोवळं ऊन होतं. नवेगावबांधच्या जंगलात वानरांनी आमची मिरवणूक बघून झाडावरून खाली यायचं टाळलं.

पुढे एका गावात निम्म्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं होतं. समोरून बस आली म्हणून थांबावं लागलं. धान पसरणाऱ्या आजी जवळ येऊन कासरा निरखत म्हणाल्या, "कायले बांधली जी हिले?"

"पळून जाते म्हणून," सुनंदा म्हणाली. आजींना ते पटलं.

अर्जुनी मोरगाव मागे पडेपर्यंत कारभार पालटला होता. आता सुनंदाच हुकूम देत होती. "पुढे बैलगाडी आहे, दुसरा टाका. आता सोडतेय, गॅस द्या." मी निमूट ऐकत होतो. साडेदहा कधीच वाजून गेले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे पोस्टमन दिसत होता.

केशोरीत मंडपापाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आत मंगलाष्टकांचा आवाज नव्हता. संपलं सगळं, असं वाटून मी गाडी गिअरमध्येच ठेवून बाहेर उडी मारली. सुनंदाच्या हातून कासरा सुटला, गाडीनं एक उडी घेतली, पाण्याचा ड्रम आडवा केला आणि बंद पडली. आवाज ऐकून वंदू हळदीच्या साडीतच बाहेर आली.

"दादा? इतक्या लवकर?"

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. पत्रिकेत तसं छापलेलंही होतं. "तू पत्रिका उघडून बघशील याचीच मला धास्ती होती," वंदू म्हणाली, "पण तू कसला बघतोस."

मी सुनंदाकडे वळलो. आहेराच्या पाकिटावर नावं घालायला पत्रिका तिनंच उघडली होती.

"तुला माहीत होतं?"

"होतं की. सांगितलं असतं तर तुम्ही अजून साकोलीत पोहे खात असता."

बारा पस्तीसला पुकारा झाला, "मामानं नवरीला घेऊन यावं." मी भाचीचा हात धरला. तिला मामीचे लाल, सुजलेले तळवे दिसले, तेव्हा दुसरा हात तिनं मामीला दिला. वंदू रडली, मीही रडलो. फोटोत पोस्टमन आहे, पण मागच्या रांगेत.

दुसऱ्या दिवशी साकोलीहून मागवलेली नवी केबल बसवून परत निघालो. सौंदडला कासरा दिला. श्रावणभाऊंनी तो इंच इंच तपासला, "तुटला नाही" म्हणाले आणि बैलाला बांधायला गेले. साकोलीत मी पोह्यांच्या दोन प्लेटा खाल्ल्या. सुनंदा आपले तळवे बघत होती.

"हात दुखतात का गं?"

"नाही. पण मुहूर्त ठाऊक असून मी तो कासरा कशाला ओढत होते, ते तुम्ही विचारलंच नाही."

"कशाला?"

"तीस वर्षं मी नुसती शेजारी बसलेय. काल पहिल्यांदा माझ्याशिवाय गाडी हलत नव्हती."

भंडाऱ्याच्या पुढे तिला डुलकी लागली. मी क्लच दाबून तिसरा गिअर टाकला, तशा झोपेतच तिच्या मुठी आवळल्या. त्या सैल होईपर्यंत मी थांबलो आणि मगच क्लच सोडला.