खांबामागची जागा

पौषातलं धुकं नदीवरून उठून थेट शेडच्या पत्र्याला येऊन टेकलं होतं. आठ वाजले तरी सांगलीकडचा रस्ता दिसेना. विजयमालानं कुलूप काढलं, शटर वर ढकललं, शीतगृहातनं आलेले बेदाण्याचे खोके उतरवून घेतले आणि बायका यायच्या आत चौदा जागी बेदाणा निवडायची चौदा ताटं मांडली. गार बेदाण्यानं बोटं बधिर झाली होती. तरीही एक दाणा चिमटीत धरून डोळे मिटून ती सांगू शकली असती, हा भरलेला की आतनं पोकळ.

अठरा वर्षं या कामात गेलेली. माहेर कोरेगावचं, दिली आष्ट्याला. नवरा फौजेतनं गुडघा निकामी करून घरी आला, तेव्हा ती इथं ताटावर बसली आणि बघता बघता मुकादमीण झाली. बायका तिला अक्का म्हणायच्या. मालकाचा पोरगा अरिहंत तिच्या डोळ्यांदेखत चड्डी सावरत शाळेला जायचा. आता तोच धंदा बघायचा आणि तोही तिला अक्काच म्हणायचा. बेदाणा पारखावा तशी आपण माणसं पारखतो, अशी तिची खात्री होती. त्या खात्रीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

शनिवारी अरिहंत म्हणाला होता, "अक्का, जुना माल सरत आला. एक बाई कमी करावी लागणार. कोण, ते तुमीच सांगा."

"धोंडुबाई," ती म्हणाली होती. पदर खोचायला लागतो तेवढाही वेळ तिला लागला नव्हता.

"लगीच? जरा इचार तर करा."

"त्यात कसला इचार? बाकीच्यांची सहा ताटं हुत्यात तवा हिची चार. आन सारखी उठती. पायाला भिंगरी बांधल्यागत."

आज धोंडुबाईचं चौदावं ताट तसंच पडून होतं. दुपारी गाडी भरायची होती. विजयमाला आपलं स्टूल सोडून त्या ताटावर जाऊन बसली.

ती जागा खांबामागची. खिडकीचा उजेड खांबाशीच अडायचा आणि वरची ट्यूब दिवाळीपासनं मिचमिचत होती. विजयमालानं दाणे पसरले. हिरवा, पिवळा, डागी, सगळे एकाच रंगाचे दिसायला लागले. ताट नाकाशी नेलं, तिरकं धरलं, काही उपयोग नाही. शेवटी मूठभर दाणे घेऊन ती दारात गेली. उजेडात बघते तर चांगल्यांत चार डागी. परत येऊन बसली. पुन्हा उठली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा खिडकीजवळनं तिची पुतणसून क्रांती ओरडली, "आगं बया! अक्कास्नी बी धोंडुबाईचं वारं लागलं की गं!"

सगळ्या खिदळल्या. विजयमालाही हसली. दारात पोचल्यावर मात्र ती थबकली. मुठीत दाणे होते, समोर धुकं होतं, आणि बरोबर इथंच, अशीच मूठ धरून उभी असलेली धोंडुबाई तिनं तीन महिने बघितली होती. बघितली होती म्हणण्यापेक्षा, मोजली होती.

दसऱ्यानंतर आली होती धोंडुबाई. आटपाडीची, इथं लेकीकडं राहून कामाला यायची. पहिल्याच दिवशी गावाकडनं येताना एसटी चुकून तिला उशीर झाला. मागं एकदा त्या बाजूच्या तिघीजणी लग्नाला म्हणून गेल्या त्या परत आल्याच नव्हत्या. तेव्हापासनं तिकडची माणसं टिकत नाहीत, असं विजयमालाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. क्रांतीही त्याच दिवशी कामाला लागलेली. घरचं माणूस म्हणून तिला खिडकी मिळाली. खांबामागची जागा उरली, ती धोंडुबाईला.

"अक्का, हितं उजेड लय कमी हाय ओ," दुपारपर्यंत बसून ती म्हणाली होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" विजयमालानं सगळ्यांदेखत उडवून लावलं होतं. त्यानंतर धोंडुबाई काही बोलली नाही. फक्त उठायची आणि दारात जायची. क्रांती दिवसातनं दहादा फोन घेऊन बाहेर जायची, पण तिचं उठणं कधी कुणी मोजलं नाही.

अकराच्या सुमाराला धोंडुबाईच दारात आली. मागं राहिलेला डबा आणि पोत्याची बैठक न्यायला. नाकावर नवा चष्मा.

"ह्यो कवा घेतलास?" विजयमालानं विचारलं.

"म्हैना झाला की. रोज लावूनच येत हुते. डाक्टर म्हणला, बाई, तुझं डोळं चांगलं हायत, जवळचं बघाय तेवढा लाव. म्या म्हणलं, मग हातच जड झालं आसतील माझं. तुमी काय उगं बोलताय व्हय?"

विजयमाला खिडकीकडं वळली. "क्रांते, ऊठ. हिला बसू दे तिथं."

"आवं, पर माझं ताट..."

"ऊठ म्हणलं न्हवं!"

धोंडुबाई बिचकत खिडकीत बसली. आधी हात अडखळले. मग बोटं कोंबडीनं दाणे टिपावेत तशी चालायला लागली. काडी इकडं, डागी तिकडं. अर्ध्या तासाच्या आत ताट निकालात निघालं. तिनं आपल्याच हाताकडं बघितलं आणि मग खांबाकडं.

"पयल्याच दिशी म्या म्हणलं हुतं की, अक्का," ती हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर विजयमालाला बरं वाटलं असतं.

विजयमाला तशीच अरिहंतच्या टेबलाशी गेली. "दादा, शनिवारी म्या नाव चुकीचं सांगिटलं."

"म्हंजे?"

"जागा वाईट हुती. म्या बाईलाच वाईट म्हणलं."

अरिहंतनं पेन खाली ठेवलं. "बरं. मग दुसरं नाव सांगा. एक तर कमी करायचीच हाय."

तिनं मागं वळून बघितलं. जिला उजेडात बसवलं ती हुशार दिसत होती, जिला सावलीत बसवलं ती ढिली. कोण खरंच कशी आहे, हे तिला एकीचंही सांगता येईना. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"आठ दिस द्या. रोज जागा बदलून बसवते समद्यांस्नी."

"दिलं. पर आठव्या दिशी नाव पायजे."

विजयमाला लगबगीनं परत आली. "धोंडुबाई, उद्यापास्नं ये. आठ दिवस बघू..."

"आन आठ दिसांनी परत माझंच नाव निगालं तर?" धोंडुबाईनं डबा पिशवीत टाकला. "एकडाव काढलं ते सोसलं. दोनदा कोण काढून घ्यील? आटपाडीची गाडी हाय एकाची."

"माझं चुकलं गं."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच.

दारातनं ती परत फिरली. बैठकीचं पोतं काखेत होतं. ते तिनं खांबामागं नेऊन नीट अंथरलं. "ऱ्हाऊ द्या ह्ये. हितली लादी लय गार हाय."

धुकं विरलं होतं. रस्त्यानं जाणारी तिची पाठ बरीच लांबपर्यंत दिसत राहिली. क्रांती आपल्या जागेवर जाऊन बसली. विजयमालानं ट्यूब बदलायला वायरमनला फोन लावला, तो उचलेना. मग ती खांबामागं गेली, पोत्यावर बसली, ताट मांडीवर ओढलं आणि काड्या वेचायला लागली. थोड्या वेळानं एका दाण्याशी अडली. मूठ भरून उठली आणि दारात गेली.

या खेपेला कुणी हसलं नाही.