आत्याच्या आईचं नाव

मंडळी, दुपारी चेन्नईत अड्यारला आत्याकडे गेले होते. परत आल्या आल्या हे लिहायला बसलेय.

आमचं घराणं तंजावरचं. त्याची वंशावळ लिहायला घेतली आहे. जुन्या माणसांपैकी आता आत्याच उरली आहे, आणि पक्षाघातानंतर तिची वाचा गेली आहे, उजवा हातही लुळा पडला आहे.

आज तिला एक जुना फोटो दाखवला. त्यात आजोबांच्या शेजारी बसलेली बाई आम्ही पाहिलेली आजी नव्हती. "ही कोण गं?" मी विचारलं. आत्याने आधी त्या बाईवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

"तुझी आई?"

तिने होकारार्थी मान हलवली. आजोबांचं आधी एक लग्न झालं होतं, हे घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

"नाव काय तिचं?" आत्याचे ओठ नुसते हलत राहिले. डाव्या हातात पेन दिलं, तर रेघाच उमटल्या. मग मीच नावं घेत सुटले. "कावेरी? सावित्री? अंबाबाई?" प्रत्येक नावाला नकार. शेवटी फोटो छातीशी धरून ती रडायला लागली.

"अक्का, पोदुम. आता पुरे करा," तिची सून मला म्हणाली.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो. ते नाव ठाऊक असलेलं दुसरं कुणीही उरलेलं नाही.

तुमच्या आज्या-पणज्यांची नावं इथे लिहाल का? कितीही जुनी असली तरी चालतील. उद्या सकाळी मी ती एकेक करून तिला ऐकवणार आहे.