वावर ठेवलं, बिऱ्हाड घेतलं

महादेवनं टाक दौतीत बुडवला, स्टॅम्पपेपरवर आणला आणि तसाच धरून ठेवला. मी बोट ठेवून जागा दाखवली. "इथं कर. वडिलांच्या सहीखाली." हात हलेना. शेवटी टाकाच्या टोकावरचा थेंब टपकला आणि 'राजीखुशीने' या शब्दावर मोठा डाग पडला.

"काऊन बे, सही काऊन करत नाहीस?" त्याचे वडील गणपतराव म्हणाले.

महादेवनं टाक डेस्कवर ठेवला. "मले नाही करायची, बाबा."

मी खामगावला अर्जनवीस होतो. अर्जनवीस म्हणजे सरकारी परवाना घेऊन लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून देणारा माणूस. रजिस्ट्रार ऑफिसच्या आवारात कडुलिंबाखाली माझी सतरंजी आणि उतरतं डेस्क असे. वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. आमचे वरचे साहेब नागपूरला बसत, त्यामुळे एखादी चूक झाली की तिचा खुलासा तिकडे पाठवावा लागे. चुका टाळायची सवय तिथूनच लागली. सही करताना अडलेली माणसंही मी बरीच पाहिली होती. कोणाला भाव पटत नसे, कोणाला सख्ख्या भावावर संशय असे. पण बाप शहरात आयतं घर घेऊन देतोय आणि पंचवीस वर्षांचा मुलगा नको म्हणतोय, असं पहिल्यांदाच घडत होतं.

दस्त अदलाबदलीचा होता. गणपतराव पिंपळगाव राजाचे. घरची शेती चांगली, खाऊनपिऊन सुखी माणूस. महादेव त्यांचा एकुलता एक मुलगा, खामगावच्या एका जिन-प्रेसमध्ये फिटर. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना आणि प्रेस म्हणजे त्या रुईच्या गाठी बांधायचा. महादेव तिथलं इंजिन चालतं ठेवायचा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. गणपतरावांनी ठरवलं की सूनबाई खामगावला राहायला जाईल ती स्वतःच्या घरात. खामगावच्या एका शेटजींचं घर रिकामं होतं आणि त्यांना बागायती जमीन हवी होती. गणपतरावांनी आपलं विहिरीचं वावर द्यायचं, शेटजींनी घर द्यायचं. रोख काही नाही.

वावर वाडवडिलांचं असल्यामुळे शेटजींनी मुलाचीही सही मागितली होती. त्यांचं बरोबर होतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मापासून वाटा असतो. त्याची सही नसली तर पुढे दावा उभा राहतो.

आदल्या दिवशी आम्ही सगळे ते घर पाहायला गेलो होतो. दस्तात चतुःसीमा लिहावी लागते, म्हणजे मालमत्तेच्या चारी बाजूंना काय आहे ते. मी ती नेहमी स्वतः पाहून लिहीत असे. घर दगडी जोत्याचं, वर माळवद, पुढे ओटा. गणपतराव प्रत्येक भिंतीवर थाप मारून पाहत होते आणि खूश होत होते. मी पूर्वेला रस्ता, पश्चिमेला बोळ असं टिपत होतो. महादेव दारातच उभा होता. त्याची बायको यमुना डोक्यावरचा पदर सावरत सगळ्या खोल्यांतून फिरली, मागच्या अंगणात जाऊन आली आणि हळू आवाजात एकच गोष्ट विचारली.

"पाणी कुठचं?"

"गल्लीच्या टोकाला विहीर आहे," शेटजी म्हणाले. "उन्हाळ्यात जरा आटते. पण पखालवाला पाणी घालून जातो."

यमुनानं ओट्यावर येऊन गल्लीचं टोक पाहिलं. मी उत्तरेची बाजू टिपायला गेलो. विहीर काही चतुःसीमेत येत नव्हती.

तर दुसऱ्या दिवशी हा असा डाग पडला. सतरंजीवर बसलेले शेटजी उठून उभे राहिले. "नारायणराव, तीनच्या आत दस्त आत गेला पाहिजे. नाहीतर मला दुसरं गिऱ्हाईक आहे." तीन वाजले की आमचे सब-रजिस्ट्रार नवीन दस्त घेत नसत. तेव्हा साडेबारा झाले होते.

"थोडा वेळ द्या," मी म्हणालो. "जेवून या."

शेटजी गेले. मी महादेवला समोर बसवलं. "बोल बाबा. घरात काही खोट आहे का?"

"घर चांगलं हाये, काका. मले घर घ्यायचंच नाही. बिऱ्हाड करून राहतो."

बिऱ्हाड म्हणजे भाड्याची जागा, हे आता सांगावं लागत नाही. पण तेव्हा गणपतरावांसारख्यांच्या कानाला तो शब्द टोचायचा. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आयकलं का नारायणराव? घरची शेती असून पाटलाचं पोट्टं बिऱ्हाडकरू! उद्या मालक म्हणीन, उचला भांडे. माही सून कुठं जाईन?"

"दुसरं बिऱ्हाड पाहीन," महादेव म्हणाला. "बाबा, माहं काम दिवाळीपासून होळीपर्यंत. पुढच्या सीझनले हाच जिन मले घेईन, हे कोणी लिहून देल्लं? औंदा मॅनेजर म्हणे, अकोल्याच्या प्रेसमंदी नवं इंजिन येऊन राह्यलं, शिकाले जाशीन का? मी हो म्हणणार हावो. तवा घर का डोक्यावर घेऊन जाऊ?"

"भाड्यानं देजो ना बे!"

"म्हंजे मी इथं मालक अन् अकोल्यात बिऱ्हाडकरू? मंग बिऱ्हाडकरूच झालो ना."

मला हसू आलं, ते मी दाबलं. मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्या सतरंजीवर त्या काळी अशी जोडपी वाढत चालली होती. जिनचे फिटर, रेल्वेचे बाबू, शाळामास्तर, कोर्टाचे कारकून. सगळ्यांचं काम फिरतं. म्हातारे म्हणत, या पोरांना पाय रोवून राहायला नको. मीही तसंच समजत होतो. खरं सांगायचं तर दस्त मोडला की माझीही मेहनत बुडणार होती, त्यामुळे मी अजून घराच्याच बाजूनं होतो.

मी गणपतरावांना उठवलं आणि फाटकाबाहेरच्या हॉटेलात चहाला नेलं. त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत.

"गणपतराव, एक विचारतो. रागावू नका. लोक काय म्हणतील एवढ्यासाठी विहिरीचं वावर देताय? तुमची सगळ्यात चांगली जमीन ती."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"लोकाईचं जाऊ द्या," ते म्हणाले. "पोट्टं अकोल्याले गेलं का गेलं, नारायणराव. अकोल्याहून नागपूर, नागपूरहून अजून कुठं. खामगाव बरं. सकाळी गाडी जुपली का दुपारी लेकरू डोयापुढं. घर असलं म्हंजे पाय बांधल्या जाते माणसाचा."

"हे त्याला सांगितलंत?"

"असं पोराले सांगतेत का?"

मी दोघांचा चहा संपेपर्यंत विचार केला. अर्जनवीसानं पक्षकाराच्या घरच्या गोष्टीत पडू नये, असा आमच्या धंद्याचा रिवाज. पण लिहिलेला कागद कशासाठी लिहिलाय हेच ठाऊक नसेल, तर तो उद्या कोर्टात येतो. परत येऊन मी सरळ महादेवला सांगितलं, "तुझ्या वडिलांना लोकांची पर्वा नाही. तू अकोल्याला गेलास की परत येणार नाहीस, याची त्यांना भीती आहे."

गणपतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं गुपित चावडीवर वाचून दाखवलंय.

महादेवच्या हाताच्या बोटांना इंजिनाचं काळं तेल होतं, ते तो पुसत राहिला. मग वडिलांकडे न पाहता म्हणाला, "बाबा, मी सीझन संपला का गावले कायले येतो?"

"कायले म्हंजे? घर हाये तुहं."

"घर तं हायेच. पण बाकी वावरं कोरडवाहू. त्याईले तुमी अन् गडी पुरता. विहिरीच्या वावरात मी लागतो. मोट माह्या हातची, कांदे माह्या हातचे. ते वावर हाये म्हणून मले गाव लागते. तुमी तेच देऊन मले इथं घर घेऊन राह्यले. मंग मी पिंपळगावले येऊ कसा? पाव्हण्यासारखा? दोन दिस पुरणपोळी खाऊन वापस?"

गणपतरावांनी डोक्याचा फेटा काढला, मांडीवर ठेवला आणि नव्यानं बांधायला घेतला. बांधायला फार वेळ लावला. एक पीळ चुकला, तो सोडून पुन्हा घातला. आम्ही दोघं कागदावरच्या डागाकडे पाहत बसलो.

"अकोल्याहून कांदे काढाले येशीन?" शेवटी ते म्हणाले.

"रेल्वेनं अर्ध्या दिसात येतो, बाबा."

"पेरणीले?"

"पेरणीले जिन बंदच रायते."

"मंग आधी काऊन नाही बोलला बे?"

"तुमी इचारलं कुठं?"

शेटजी अडीचला आले. गणपतरावांनी हात जोडले. "शेटजी, माफी करा. वावर राहू द्या आमचं." शेटजी थोडे तणतणले, पण व्यापारी माणूस, फार वेळ रागात राहिले नाहीत. डाग पडलेला स्टॅम्प वाया गेला. खराब झालेल्या स्टॅम्पची किंमत थोडी काट करून सरकार परत देतं, त्यासाठी अर्ज लागतो. तो अर्जही मीच लिहिला.

यमुना आवाराबाहेर गाडीत बसली होती. गणपतराव तिच्यापर्यंत गेले आणि तोंड पाडून म्हणाले, "पोरी, घर नाही घेतलं. आता तुह्यासाठी बिऱ्हाड पाहा लागते."

पदराआडून आवाज आला, "मामाजी, म्या कालच पाहून ठेवलं हाये एक."

गणपतराव आधी तिच्याकडे आणि मग महादेवकडे पाहत राहिले. मग इतके मोठ्यानं हसले की बैल कान टवकारून मागे बघायला लागले.

जागा हमीदाबींची होती. हमीदाबी शिंपीकाम करणाऱ्या एका विधवा बाई, जिनपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या. अंगणाच्या एका बाजूला त्या स्वतः, दुसऱ्या बाजूला दोन रिकाम्या खोल्या आणि मध्ये गोड्या पाण्याची विहीर. त्याच दिवशी चारच्या सुमारास आम्ही तिथं गेलो. मी सतरंजीऐवजी त्यांच्या बाजेवर बसून भाडेचिठ्ठी लिहिली. ही चिठ्ठी म्हणजे किती मुदतीसाठी, काय अटींवर जागा दिली याचा साधा करार. मुदत अकरा महिने ठेवली, कारण वर्षाच्या आतली चिठ्ठी रजिस्टर करावी लागत नाही.

भाड्याचं दोन वाक्यांत जमलं. अटींना मात्र तास लागला. गणपतरावांना बिऱ्हाडाचा अनुभव नव्हता, म्हणून ते जमीन घेतल्यासारखी घासाघीस करत होते.

"सून अंगणात तुळस लावीन."

"लगाओ ना भाऊ. मेरा मोगरा है, उसके बाजू में लगाओ," हमीदाबी म्हणाल्या.

"पाव्हणे येतीन गावाकडले."

"आने दो. घर है, जेल थोडी है."

"मी बाजाराच्या दिवशी येईन. बैलं कुठं बांधू?"

हमीदाबींनी कपाळाला हात लावला. "अर्जनवीस साब, किराया कौन दे रहा है? बेटा या बाप?" मग स्वतःच हसून म्हणाल्या, "बांधो. पर गोबर तुम उठाना."

मी तेही कलम घातलं. 'बाजारच्या दिवशी भाडेकरूच्या वडिलांची बैलजोडी अंगणात बांधण्यास मालकिणीची हरकत नाही, मात्र शेण ज्याचे त्याने उचलावे.' माझ्या आयुष्यातलं ते एकमेव असं कलम. खाली महादेवनं सही केली, या वेळी न थांबता. हमीदाबींनी अंगठा दिला. साक्षीदार म्हणून गणपतरावांनी सही केली, आणि ती वाळायच्या आत यमुना विहिरीवर पोहोचली होती.

अकोल्याचं इंजिन यायला उशीर झाला, म्हणून त्या बिऱ्हाडात ती दोघं तीन सीझन राहिली. पहिला मुलगा तिथंच झाला. यमुनाचं माहेर लांब होतं, आणि सुईण येईपर्यंत तिच्याजवळ हमीदाबी बसल्या होत्या. नंतर महादेव अकोल्याला गेला, तिथं दोन बिऱ्हाडं बदलली आणि हेड फिटर झाला. दर पेरणीला आणि कांदे काढायला तो गावी यायचा, जाताना माझ्याकडे एक टोपली ठेवून जायचा. गणपतराव पहिल्यांदा रेल्वेत बसले ते नातवाला पाहायला. येताना माझ्याकडे थांबले आणि तासभर अकोल्याचंच कौतुक करत होते. पुढे महादेवनं विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. चाळिशीनंतर त्यानं घर बांधलं, तेही पिंपळगावलाच. तेव्हा त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही.

शेटजींचं घर एका मास्तरांच्या वडिलांनी घेतलं. त्याचं खरेदीखत मीच लिहिलं. दीड वर्षात मास्तरांची बदली मेहकरला झाली आणि घराला कुलूप लागलं.

मी पुढे बरीच वर्षं दस्त लिहिले. खरेदीखतात लिहून देणारा आणि लिहून घेणारा अशा दोघांची नावं असतात. त्या घरात राहणार कोण, हे लिहायला जागा नसते. महादेवच्या कागदावर डाग पडला त्या दिवसापासून मी ते तोंडी विचारू लागलो. त्यामुळे माझे काही दस्त बुडाले, पण माझ्या हातचा एकही कोर्टात गेला नाही.