सतरावा गट

माझी वहिनी इस्पितळात नोकरीला आहे, पण पेशंटशी तिचा कधी संबंध येत नाही. ती कम्प्युटर विभागात. मी त्याच इस्पितळात, तळमजल्यावर स्कॅनच्या खोलीत तंत्रज्ञ. सकाळी आम्ही एकाच स्कूटरवर निघतो. चालवते ती, कारण माझ्या चालवण्यावर तिचा विश्वास नाही.

तिचं काम नेमकं काय, हे दादाला लग्नानंतर कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. एकदा जेवताना त्यानं विचारलंच. ती म्हणाली, "ऑफिसातले कम्प्युटर माणसाला नावानं ओळखतात. स्कॅन जिथे साठवतात तो सर्व्हर जुन्या पद्धतीचा आहे, त्याला फक्त आकडे कळतात. इकडची अमुक बाई म्हणजे तिकडचा अमुक आकडा, आणि ती कुठल्या गटात बसते, हे दोघांना जुळवून द्यायचं."

"आणि जुळवताना चुकलीस तर?"

"तर तू दुसऱ्याचंच कपाट उघडशील. नाहीतर स्वतःचंही उघडणार नाही."

"म्हणजे घरातल्यासारखंच," दादा म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

वहिनी तशी कमी बोलणारी. घरात कोणाचाही फोन वाजला तर स्क्रीनकडे न बघता उचलून ज्याचा त्याच्या हातात देणारी. आई म्हणायची, "हिला भोचकपणा शिकवायला हवा, त्याशिवाय संसारात मजा नाही."

गेल्या वर्षी आमच्या इस्पितळानं रस्त्यापलीकडचं एक छोटं इस्पितळ ताब्यात घेतलं. तिकडची माणसं आली, आणि येताना आपापले आकडे घेऊन आली. आमच्या भूलतज्ज्ञ बाईंचा जो आकडा, तोच तिकडच्या भांडारपालाचा. तसंच जोडलं असतं तर भांडारपाल भूलतज्ज्ञ म्हणून आत शिरला असता. वहिनीनं तिकडच्या सगळ्यांना नवे आकडे दिले आणि त्यांच्या जुन्या फायलींवर मालक म्हणून हे नवे आकडे घालत बसली. व्यवस्थापक साहेबांचा धीर सुटत चालला.

"मॅडम, माणसं तीच आहेत. नुसते आकडे तर बदलायचेत."

"सर, त्या सर्व्हरला माणूस म्हणजे आकडाच."

त्याच दिवसांत मला छातीत गाठ लागली. घरी बोलले नाही. मावशी याच दुखण्यात गेली होती आणि आईनं ते सगळं जवळून पाहिलं होतं. माझ्या विभागातल्या वरिष्ठ बाईंनी दुपारच्या सुट्टीत माझा स्कॅन केला. कर्मचाऱ्यांचे स्कॅन वेगळ्या कप्प्यात राहतात, ते फक्त विभागप्रमुख आणि उपचार करणारे डॉक्टर उघडू शकतात. तेवढ्या भरवशावर मी मशीनमध्ये झोपले. वहिनीलाही सांगितलं नव्हतं.

दोन्ही इस्पितळं जोडली गेल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी आमच्या खोलीतला फोन वाजला. ऑपरेशन थिएटरमधून मेंदूच्या सर्जनचा सहायक बोलत होता. "जुने स्कॅन उघडत नाहीयेत. परवानगी नाही म्हणतंय. पेशंटला भूल दिलीय, सर खोळंबलेत." तो सहायक नवा, त्याला स्वतःला अजून परवानगी मिळालीच नव्हती, म्हणून तो सरांच्याच नावानं कम्प्युटरमध्ये शिरला होता. वहिनीचा फोन सारखा गुंतलेला. मी जिना चढून तिच्या खोलीत पोचले तेव्हा व्यवस्थापक साहेब आधीच तिच्या खुर्चीमागे उभे होते.

मी धापा टाकत निरोप दिला. वहिनीनं पेशंटचा क्रमांक विचारला, मी चिठ्ठीवरचा वाचून दाखवला. तिनं त्या एका पेशंटचा कप्पा तात्पुरता उघडला, थिएटरला फोन लावला आणि म्हणाली, "आता बघा." पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. मग सहायक म्हणाला, "दिसतंय." मी भिंतीला टेकले.

पण फोन थांबेनात. हाडांचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर, कोणालाच आपल्या पेशंटची चित्रं उघडेनात. साहेबांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, असे एकेक कप्पे किती उघडत बसणार? सगळ्यांना सगळं उघडं करा. संध्याकाळी परत बंद करू."

सगळ्यांना म्हणजे खालच्या खोलीत माझ्या शेजारी बसणाऱ्यांनाही. दुपारपर्यंत अख्ख्या इस्पितळात माहीत झालं असतं, आणि संध्याकाळी कोणीतरी सहानुभूतीनं घरी फोन केला असता. आईनं तो उचलला असता. मला बोलायचं होतं, पण काय बोलणार होते?

"नाही सर," वहिनी म्हणाली. तिची बोटं थांबली नव्हती.

"पेशंट अडलेत."

"ज्याचं अडेल त्याचं लगेच उघडून देते. सगळ्यांचं नाही."

साहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि ज्या कंपनीनं सर्व्हर बसवला होता तिच्या माणसाला लावला. तिकडून आवाज आला, "सर, एका मिनिटात करतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

वहिनी खुर्चीत वळली. "सर, त्यात आपल्याच लोकांचे स्कॅन आहेत. कोणाकोणाचे ते मला माहीत नाही, मी कधी बघत नाही. तुमच्या घरचे असतील तर तुम्हाला माहीत असेल."

साहेबांचा फोन कानाला तसाच. मी जमिनीकडे बघत राहिले.

"डॉक्टरांचं नाव बरोबर आहे," वहिनी स्वतःशीच बोलू लागली. "आकडा बरोबर आहे. मग तो ह्यांना ओळखतोय तरी का नाही?"

तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली. "वहिनी, फोन सगळे मोठ्या डॉक्टरांचे येतायत. ज्युनिअर कोणी तक्रार केलेली नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सर्जन कोणकोणत्या गटात आहेत, ते सर्व्हरला विचारलं. पडद्यावर गट उमटले. तिनं बोट ठेवून मोजले. "सोळा. ह्याच्यापुढे हा सर्व्हर वाचतच नाही. ऑफिसच्या यादीत ह्यांना सतरा गट आहेत, आणि मेंदूविभाग शेवटी पडलाय, तोच गळतोय."

"सतरा कसे?" साहेबांनी विचारलं.

"दोन इस्पितळं एकत्र आली, समित्याही एकत्र आल्या. मोठा माणूस दिसला की घाला समितीत. पार्किंग समिती, कॅन्टीन समिती, बागेची समिती." बोलता बोलता तिनं सर्जनना कॅन्टीनमधून काढून टाकलं. थिएटरला फोन करून सांगितलं, "सरांच्या नावानं कम्प्युटरमधून बाहेर पडा, परत आत या, आणि दुसऱ्या एखाद्या पेशंटचं उघडून बघा."

आम्ही तिघंही त्या फोनकडे बघत राहिलो.

"उघडलं," सहायक म्हणाला.

साहेबांच्या मोबाइलवर तो माणूस अजून विचारत होता, करू का म्हणून. साहेब म्हणाले, "नको. राहू दे." मग खुर्ची ओढून बसले आणि कपाळ पुसलं. "मॅडम, मी घाबरलो होतो."

"मीसुद्धा," वहिनी म्हणाली आणि हाडांच्या डॉक्टरांना बागेतून काढायला लागली. शेवटी त्या एका पेशंटचा उघडा ठेवलेला कप्पा तिनं बंद केला.

उशीर का झाला म्हणून तिला वरून विचारणा झाली. साहेबांनी तिची बाजू घेतली, पण जरा हळू आवाजात. पुढे तिनं सर्व्हरला गटांची यादी ऑफिसच्या कम्प्युटरकडून स्वतःच विचारून घ्यायला शिकवलं, म्हणजे सोळाची अडचण राहिली नाही. सर्जन मात्र कॅन्टीन समितीवर परत जायला तयार झाले नाहीत.

त्या दिवशी घरी जाताना पार्किंगमध्ये तिनं स्कूटरला किल्ली लावली आणि मी मागे बसायच्या ऐवजी उभीच राहिले. सगळं सांगून टाकलं. तिनं किल्ली काढली.

"सकाळी तू तिथे उभी होतीस ती..."

"हो."

"मला खरंच माहीत नव्हतं गं."

"ठाऊक आहे."

तिनं माझा हात धरला. "रिपोर्ट कधी आहे?"

"परवा."

"मी येते बरोबर. दादाला आत्ता सांगू नकोस, तो आधी स्वतःच आजारी पडेल."

मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

गाठ वाईट निघाली, पण लहान होती. ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत. रिपोर्टनंतरच्या रविवारी आईला मी स्वतः सांगितलं, तिच्या शेजारी बसून, दार लावून. ती बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "हिला माहीत होतं?"

"चार दिवसांपासून."

"एका शब्दानं बोलली नाही," आई म्हणाली, आणि वहिनीला हाक मारायला उठली.