जेवणाच्या टेबलावरून गेलेली रेल्वे

लॉकडाऊन लागला आणि नेदरलँड्समधल्या फोरबर्गच्या आमच्या चिमुकल्या घराची आठवड्याभरात वाटणी झाली. नवऱ्याच्या ऑफिसने बेडरूम गिळली, लेकीच्या शाळेने सोफा. सासरे तीन महिन्यांसाठी नातीला भेटायला आले होते, विमानं बंद झाली आणि ते राहिलेच. त्यांनी जेवणाचं टेबल घेतलं. मी? मी सगळ्यांना जागेवर चहा नेऊन देत होते.

आणि नेमका तेव्हाच मला इंटरव्ह्यूचा कॉल आला. सात वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून काढल्यावर पहिला! सॉफ्टवेअर टेस्टरची नोकरी, गुरुवारी अकरा वाजता, व्हिडिओवर. ही हातची गेली तर पुन्हा अर्ज करायचं बळ माझ्यात उरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. टेबल हवं होतं, तेही फक्त तासभर.

पण टेबलावर अमेरिका पसरली होती.

लेकीला शाळेने प्रोजेक्ट दिला होता: अमेरिकेतल्या प्रेअरीवर, म्हणजे त्या अफाट गवताळ माळावर, रेल्वे आली आणि गावं कशी वसली. सासरे, म्हणजे बाबा, जन्मभर रेल्वेत रूळ टाकणाऱ्या खात्यात इन्स्पेक्टर. त्यांना आणखी काय पाहिजे! कुण्या शेजाऱ्याने माळा आवरून लाकडी रुळांचं खोकं ‘फुकट’ अशी पाटी लावून फुटपाथवर ठेवलं होतं. ते बाबांनी स्वतः जाऊन उचलून आणलं.

“आधी गाव, मग स्टेशन,” बाबा म्हणायचे.

“नो आजोबा! फर्स्ट द ट्रेन, देन द टाउन.”

मग लेक वाचून दाखवायची. कंपनी ओसाड माळावर रूळ टाकायची, इंजिनाला पाणी लागेल तिथे थांबा करायची आणि आजूबाजूची जमीन विकून गाव वसवायची.

“आणि गाडी थांबायची कुणासाठी? गवतासाठी?” बाबा चिडायचे. “आमच्याकडे एका हॉल्टसाठी लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात!” एखादं जुनं गाव लाईनपासून लांब राहिलं तर माणसं घरंच्या घरं बैलांकरवी ओढत रुळांपाशी न्यायची, हे ऐकल्यावर तर त्यांनी चष्मा काढून पुसला.

बुधवारी मी धीर करून विचारलं, “बाबा, उद्या तासभर टेबल मोकळं कराल?”

“अगं, चालू लाईन अशी उचलता येत नाही,” बाबा कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचं धान्याचं कोठार उभं करत म्हणाले. “जिन्यात बस ना, शांत असतं,” असं नवऱ्याने वरून सुचवलं. माझं डोकंच फिरलं.

“बाबा, तुमची लाईन मला वगळून गेलीय. आता आणा बैल आणि न्या मला ओढत!”

गुरुवारी बसले जिन्यातच. डच जिना म्हणजे कठडा लावलेली शिडी. वरच्या पायरीवर लॅपटॉप, खालच्या पायरीवर मी. ऐन उत्तराच्या मध्यात लेक जिन्याखालच्या टॉयलेटमध्ये गेली आणि तिने दणदणीत फ्लश केला. स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलं, “तुम्ही नक्की कुठे बसलाय?”

पाठ केलेलं सगळं उडालं. “जिन्यात,” मी म्हणाले. “सात वर्षं घरात सगळ्यांची सोय लावली. माझी लावायची राहून गेली. म्हणून ही नोकरी हवीय.”

गेलं सगळं, मला वाटलं. मग बाईंनी हळूच कॅमेरा फिरवला. त्या वाळत घातलेल्या मोज्यांच्या मधोमध बसल्या होत्या.

सोमवारी मेल आला, नोकरी मिळाली! मी किंचाळलेच. खाली लिहिलं होतं: ऑफिस बंद आहे, पुढची सूचना येईपर्यंत काम घरूनच. घ्या! म्हणजे जिन्यातच कायम झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले तर टेबल रिकामं. रूळ खोक्यात, कोठारं कोपऱ्यात. माझा इंटरव्ह्यू बाबांनी दाराआडून ऐकला होता.

“जन्मभर रूळ टाकले,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पण कुठे टाकू, असं कुणाला विचारलं नाही. तू कुठे बसणार ते सांग. लाईनचं मग बघू.”

मी खिडकीकडे बोट दाखवलं आणि मला रडूच फुटलं.

“आजोबा, दॅट्स नॉट हाऊ इट हॅपन्ड,” लेक सोफ्यावरून म्हणाली.

“नसेल,” बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघत त्यांनी टेबलाचं एक टोक उचललं. “तू दुसरं धर.”