पडद्यावर राहिलेली ओळ

मिठबावची अफशा अकरा वर्षं मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होती. वादळाचा इशारा आला की एकशे बारा होडीवाल्यांना मोबाइलवर संदेश पाठवायचा, हे तिचं काम. तिच्या इंजिनिअर भावाने, रमीझने, त्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहून दिली होती. ती चालवली की लॉग फायलीत प्रत्येक नंबरापुढे 'पाठवला' अशी नोंद पडे. एखादा संदेश अडला, तरी फायलीत 'पाठवला'च राही; तक्रार फक्त पडद्यावर उमटे आणि खिडकी बंद केली की नाहीशी होई.

म्हणून अफशा पडद्यासमोर बसून राही आणि अडलेल्यांना स्वतः फोन करी. रफीकचा नंबर तर हमखास अडायचा. मग ती त्याच्या बायकोला, वजीराला फोन लावी.

"भाभी, वारो येतलो. होडी काढू नकात म्हणान सांग."

"इलो हो आमचो मेसेज!" वजीरा हसत नवऱ्याला हाक मारी.

यंदा सेक्रेटरी गुरुदासने इशारा येताच स्क्रिप्ट सुरू होईल अशी सोय करून घेतली. ती आता आपोआप चालू लागली. अफशाला डिझेलच्या परवान्यांवर बसवलं.

"पडद्यावरचं फायलीत येत नाही," ती म्हणाली.

"मगे तुझो भाव कसलो इंजिनिअर?" गुरुदास हसला. ते तिला लागलं. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

ऑक्टोबरात वादळ आलं. रफीकची होडी उलटी सापडली, तिसऱ्या दिवशी तो. चौकशीच्या साहेबांनी फाईल उघडली. रफीकच्या नंबरापुढे 'पाठवला' होतं.

"संदेश अडला असणार, साहेब. तसं पडद्यावर आलं असणार," अफशा म्हणाली.

"तुम्ही पाहिलंत?"

"मी तिथे नव्हते."

गुरुदास खाली मान घालून कागद चाळत राहिला. अहवालात आलं : इशारा मिळूनही समुद्रात गेला.

वजीरा ऑफिसात आली. बसली नाही.

"अफशा, खरां सांग. तेंका इशारो मेळललो?"

"नाय, भाभी."

"मगे कागदार तसा कित्याक लिवलां?"

अफशाने फाईल आणि पडदा समजावून सांगितला. वजीराने सगळं ऐकून घेतलं.

"गाव म्हणता, हावरटपणान गेलो. पोरांय बापाचर रागावलीत. तू त्या दिवशी फोन कित्याक नाय केलंस गो?"



त्याच दुपारी अफशाने रमीझला विचारून स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. तक्रार आता पडद्यावर आणि फायलीत, दोन्हीकडे येऊ लागली. फक्त रफीकच्या नंबरावर स्क्रिप्ट चालवून आलेल्या नोंदीची छापील प्रत तिने साहेबांपुढे ठेवली.

"बाई, त्याचा फोन समुद्राच्या तळाशी आहे," साहेब म्हणाले. "आता संदेश जाणार कसा?"

कागद त्यांनी परत केला.

यादीतून रफीकचं नाव काढायला कुणी सांगितलं नाही, आणि अफशाने काढलं नाही. इशारा आला की स्क्रिप्ट आपोआप चालते. परवान्यांच्या टेबलावरून उठून ती फाईल उघडून बघते. रफीकच्या नंबरापुढे आता स्वच्छ अक्षरांत असतं : संदेश पोचला नाही.