घर आईच्या नावावर होतं

सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं होतं, तेव्हापासून मला आठवतं. पुढं वर मजला चढला, मागं न्हाणीघर झालं, मोझॅकची फरशी आली. ती फरशी मशीन लावून घासली तेव्हा आठ दिवस घरभर पांढरा चिखल होता आणि आई साडी खोचून त्यातनं राणीसारखी फिरायची. अंगणातल्या बोअरला पाणी कधी तुटलं नाही. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या शहरात ही केवढी चैन, ते इथल्या बाईलाच विचारावं. उन्हाळ्यात अर्धी गल्ली घागरी घेऊन आमच्याकडं असायची आणि आई मोटार चालू करून सगळ्यांशी गप्पा मारत उभी असायची. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून आम्ही गाद्या टाकायचो. पुण्यात माझा स्वतःचा फ्लॅट आहे, बारा वर्षं झाली, पण स्वप्नात मला अजून तीच गच्ची दिसते. फ्लॅट एकदासुद्धा आला नाही मेला.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते पैठणजवळच्या खेड्यातले. नोकरी करून प्लॉट घेतला, तेव्हा त्यांना भावकीची धास्ती होती. उद्या भाऊ म्हणतील, शेतीच्या पैशातून घेतलास, आमचा वाटा काढ. म्हणून त्यांनी प्लॉट आईच्या नावावर केला. आई सातवी शिकलेली. तिला रजिस्ट्रीच्या ऑफिसात नेलं, "इथं कर, आता इथं कर," म्हणाले, तिनं केल्या सह्या आणि येताना गुलमंडीवरून पडद्याचं कापड घेऊन आली. फाटकावर पाटी लागली ती दादांच्या नावाची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही नाही.

पुढं दादांनी नोकरी सोडून वाळूजला गाड्यांच्या सुट्या भागांची छोटी कंपनी काढली. कंपनीच्या कर्जाला घर गहाण पडलं आणि बँकेनं दोघांनाही जामीनदार करून घेतलं. त्या वेळी बँकेचा माणूस घरी आला होता. आई कणीक मळत होती. तिनं हात पुसून दादांनी बोट ठेवलं तिथं सह्या केल्या आणि परत परातीशी जाऊन बसली.

दहा-बारा वर्षं बरी गेली. मग दादांचा माल घेणाऱ्या मोठ्या कारखान्यानं काम देणं थांबवलं, हप्ते तुंबले, आणि एके दिवशी फाटकावर बँकेची नोटीस चिकटलेली दिसली. दादा ती नखानं खरवडायला लागले. नाकावर माशी बसू न देणारा माणूस! मला फोनवर आईनं हे सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. काही महिन्यांनी पेपरात लिलावाची जाहिरात आली. तारीख, वेळ, घराचं वर्णन, चतुःसीमा. आमच्या घराला चतुःसीमा आहेत हे मला तेव्हा कळलं.

वकील म्हणाले, एक रस्ता आहे. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसानं दिवाळखोरीच्या कायद्याखाली स्वतःच मुंबईच्या न्यायाधिकरणात अर्ज केला, की अर्ज दाखल झाल्या दिवसापासून त्याच्यावरची वसुली थांबते. त्याच्या घराचा लिलावसुद्धा. "घर सुटत नाही ताई, पण वेळ मिळतो. बसून फेडीचं काहीतरी ठरवता येतं." दादांना तो शब्दच सोसेना. आमच्या गावाकडं दिवाळखोर ही शिवी आहे. दोन दिवस ते जेवले नाहीत, मग एकदाची सही केली. लिलावाला अकरा दिवस राहिले असताना अर्ज गेला आणि आईनं पुरणाचा घाट घातला. मीही सुट्टी टाकून आले होते. घर वाचलं, असंच आम्ही सगळे धरून चाललो.

जाहिरातीत लोकांनी घर बघायला यायचा एक दिवस दिलेला होता. वकिलांनी बँकेला अर्जाचं कळवलं होतं, तरी त्या दिवशी दोन गाड्या फाटकाशी थांबल्याच. लिलाव तर होणार नव्हता, म्हणून आमची आई निर्धास्त. तिनं त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, वरचा मजला दाखवला. "बोअरला बारा महिने पाणी आहे बघा," म्हणत मोटार लावून दाखवली.

"आई, मुलगी दाखवायला बसलीस का?" मी हसून म्हटलं.

"दारात आलेल्याला हाकलायचं व्हय मग? बघू दे की. लई मायेनं बांधलंय."

त्यातला एक जण बोअर किती फुटांचा आहे ते विचारून गेला. मी त्याला बिस्किटं दिली. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

सोमवारी वकिलांचा फोन आला. लिलाव शुक्रवारी सकाळी अकराला होता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, घर कुणाच्या नावावर आहे?"

दादांनी अर्जाच्या माहितीत लिहून दिलं होतं, राहतं घर, स्वतःचं. मूळ कागद बँकेत अडकलेले, त्यामुळं वकिलांनी ते पाहिले नव्हते. दादा खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटायचं. पण बँकेचं उत्तर सरळ होतं. संरक्षण अर्ज करणाऱ्याला मिळतं. घराची मालकीण आई, ती वेगळी जामीनदार, आणि तिनं कुठलाही अर्ज केलेला नाही. लिलाव होणार.

उपाय सोपा होता. आईनं तिच्या नावानं तसाच अर्ज करायचा. वकिलांनी रातोरात कागद तयार केले आणि मंगळवारी सकाळी मी ते घेऊन आले. आईची सही, नोटरी, आणि गुरुवारी संध्याकाळच्या आत अर्ज दाखल. बोली मंजूर झाल्यावर अर्ज करणं म्हणजे वरातीमागून घोडं, हे त्यांनी मला तीनदा बजावलं.

दादांनी कागद बघितले आणि म्हणाले, "तिच्या नावापुढं दिवाळखोर लागणार? मी जिवंत असेपर्यंत नाय."

मग आम्ही बापलेक जे भांडलो! मंगळवार भांडलो, बुधवार भांडलो. मी म्हटलं, "पाटी तुमची, सही तिची, आणि अब्रू तेवढी तुमची काय?" ते म्हणाले, "तुला शिकवलं ते हे ऐकायला?" मी म्हटलं, "घर तिचं आहे, दादा! कायद्यानं तिचं आहे!" हे मी ठणकावून सांगितलं, दोनदा सांगितलं. आई ताटं वाढायची, "जेवून भांडा," म्हणायची आणि आत जायची. गुरुवारी दिवस मावळल्यावर दादा खुर्चीत खाली मान घालून बसले आणि म्हणाले, "कर बाई तुला काय करायचं ते." मी वकिलांना फोन लावला. त्यांनी हरप्रकारे प्रयत्न केला, पण नोटरी उठून गेला होता, आणि सकाळी अकराच्या आत सगळं उरकणं काही जमलं नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत घर गेलं. चहा पिऊन गेलेल्या दोघांत चढाओढ लागली होती म्हणे, बोअरवरून.

आता आई-दादा हर्सूलकडं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. दादांच्या अर्जाच्या तारखा अजून पडतायत, संरक्षण चालू आहे, फक्त वाचवायला काही उरलं नाही. दादा माझ्याशी बोलतात, मीही बोलते. पण घर त्यांच्या हट्टानं गेलं, हे मी मनात धरून होते, आणि आईला त्यात काही म्हणायचंच नव्हतं, असंही धरून होते. सोशिक आहे बिचारी, असं मी चार जणांत सांगायचेसुद्धा.

गेल्या दिवाळीत मी जुनी पिशवी झटकत होते, तर आतून तो अर्ज निघाला. आई मेथी निवडत होती. तिनं हात पुढं केला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचत गेली. मेथी बाजूलाच राहिली. शेवटच्या पानावर आल्यावर तिनं विचारलं, "सही कुठं करायची होती?"

मी जागा दाखवली.

"मला घर पाहिजे होतं गं," आई म्हणाली.

"अगं मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं आपल्याच भांडणात होता. मला वाटलं, ह्यांनी नाही तर तू तरी कागद माझ्यापुढं आणून ठेवशील. तीन दिवस चष्मा कमरेला खोचून हिंडत होते मी."